हिल्काची रिकामी डबी

हिल्का पेसोनेनकडे गेमचं कपाट आलं ते दाढेमुळे.

आमच्या कोस्किलाहती गावच्या वाचनालयात पुस्तकांबरोबर व्हिडिओ गेमही द्यायचे असं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हा ते कपाट कुणी सांभाळायचं यासाठी बैठक बसली. सगळ्यांनी आपापल्या डायऱ्यांत डोकी खुपसली. हिल्का त्या दिवशी दाढ काढायला गेली होती. दुसऱ्या दिवशी गाल धरून कामावर आली, तर टेबलावर कपाटाची किल्ली आणि एक चिठ्ठी: ‘अभिनंदन.’

तोवर तिनं आयुष्यात पत्त्यांखेरीज काही खेळलेलं नव्हतं. वय सेहेचाळीस, खातं स्थानिक इतिहासाचं. चर्चच्या जुन्या वह्या, कागद गिरणीचे फोटो, कोण कुणाचा पणजोबा हे शोधत येणारे लोक, यांत ती रमलेली. पण तिचा एक हट्ट होता. स्वतः न वाचलेलं पुस्तक ती कुणाला सुचवत नसे. तोच नियम तिनं गेमला लावला आणि वाचनालयाचं गेम खेळायचं मशीन घरी नेलं.

पहिल्याच गेममध्ये एक लाकडी पूल होता. तो ओलांडायला तिला सात आठवडे लागले. तिचा नवरा रेइयो मासे साफ करता करता रोज विचारायचा, “काय, आज पलीकडे?”

“आज अर्ध्यावर.”

“मग पडलीस?”

“पडले नाही. ढकललं मला. एका बोकडानं.”

ज्या दिवशी पूल पार झाला त्या दिवशी रेइयोनं सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला; एरवी तो फक्त शनिवारी तापायचा, हा मंगळवार होता.

हे सगळं मला तिनंच सांगितलंय. मी पेर्टू. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवतो, आसपासच्या खेड्यांतून पुस्तकं नेतो-आणतो. हिल्काच्या हाताखाली कपाट आल्यावर माझ्या गाडीतही गेमचा एक कप्पा झाला, आणि दोनेक वर्षांत तो कप्पा स्वयंपाकाच्या पुस्तकांपेक्षा जास्त हलू लागला. हिल्का प्रत्येक डबीत हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. ‘सुरुवात कंटाळवाणी आहे, दुसऱ्या गावापर्यंत धीर धरा.’ ‘घोडा देखणा, गोष्ट सुमार.’ लोक गेमपेक्षा चिठ्ठीसाठी डबी उघडत.

दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमची बैठक भरायची. हिल्का, मी, ताइस्तो आणि योन्ना. ताइस्तो गिरणीतून निवृत्त झालेला वीजतंत्री, सत्तरीचा. त्याला खेळण्यापेक्षा खेळणं उघडून बघण्यात रस. योन्ना आरोग्य केंद्रातली नर्स, पस्तिशीची, आमच्यात सगळ्यात चांगली खेळणारी आणि सगळ्यात जास्त शिव्या देणारी. बाकी लोक येत-जात, पण आम्ही चौघं कायमचे. कॉफी, वेलदोडा घातलेले गोड पाव, आणि तक्रारी.

तक्रारींना तोटा नव्हता. हिल्काच्या अंगठ्यांत संधिवात शिरला होता. कंट्रोलर हातात धरून ती म्हणायची, “हा कुणा पंचवीस वर्षांच्या बाप्याच्या पंज्याचं माप घेऊन केलाय. बाईला हात नसतात का?” ताइस्तोनं तिच्यासाठी बर्च लाकडाच्या दोन मुठी तासून कंट्रोलरला बसवून दिल्या. तेव्हापासून ती खेळताना जणू बेकरीचं लाटणं धरून बसलीय असं दिसायचं, पण दुखणं थांबलं.

वाचनालयाचे कंट्रोलर वर्षभरात बिघडायचे. अंगठ्याखालची दांडी झिजायची आणि पडद्यावरचा माणूस कुणी न सांगता डावीकडे चालू लागायचा.

“यात दोन युरोचा भाग झिजतो,” ताइस्तो सांगायचा. “तो सुटा विकत नाहीत. बॅटरीसुद्धा डिंकानं चिकटवलीय. का? तर आख्खा नवा घ्या. आमच्या गिरणीत असं यंत्र कुणी आणलं असतं ना, तर त्यालाच नदीत सोडलं असतं.”

कपाटाच्या पंधराव्या वर्षी वसंतात मशीन बनवणाऱ्या कंपनीनं तीन वर्षं जुन्या मशीनची किंमत वाढवली. योन्ना कामाच्या कपड्यांतच आली, पर्स टेबलावर आपटली.

“जुनं झालं की वस्तू स्वस्त होते, हे मला माझ्या आईनं शिकवलंय. हे काय चीज आहे मुरायला? आणि नवीन मॉडेलला डिस्क घालायची फटच नाही म्हणे. फट वेगळी विकत घ्यायची! उद्या आम्ही रक्तदाबाचं यंत्र देऊ, पट्टा वेगळा घ्या म्हणून.”

“मी तर डाउनलोडच करतो,” मी म्हणालो. “धूळ नाही, ओरखडे नाहीत, घरात पसारा नाही.”

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी निमूटपणे पाव उचलला.

त्या शरदात सगळ्यांचे डोळे एका गेमवर लागले होते. नाव ‘हिमवाट’. गोठलेल्या तळ्यांवरून ट्रक चालवत दूरच्या वस्त्यांना सामान पोचवायचं. आमच्याकडे अर्ध्या लोकांनी हे खरोखर केलेलं, त्यामुळे उत्सुकता जास्तच. वाचनालयाच्या यादीत तेवीस नावं लागली. पहिलं नाव एस्कोचं. एस्को जंगलात झाडं तोडायचं अवजड यंत्र चालवतो, राहतो हाउकिनिएमीला, जिथं माझ्या गाडीचा रस्ता संपतो. तिथं इंटरनेट येतं ते थेंबाथेंबानं. “चित्र असलेला एक मेल उघडायचा तर मी मध्ये लाकडं फोडून येतो,” असं तो म्हणायचा. डाउनलोड करून शंभर गिगाबाइटचा गेम घ्यायचा तर त्याला बहुधा पुढचा हिवाळा उजाडला असता. म्हणून त्यानं एप्रिलमध्येच माझ्या गाडीत येऊन नाव लावलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी पार्सल आलं. हिल्कानं कात्रीनं प्लास्टिक कापलं, डबी उघडली आणि आत बोट फिरवलं. डबीत डिस्कच्या गोल खाचेत काहीच नव्हतं. एक घडी घातलेला कागद होता. त्यावर चंदेरी पट्टी, ती खरवडायची, खाली कोड, तो कोड घालून गेम डाउनलोड करायचा. एकदाच, एकाच खात्यावर.

हिल्कानं डबी उलटी केली. हलवली. पार्सलच्या खोक्यात हात घालून चाचपडलं.

“डिस्क फार पातळ केली असेल,” ताइस्तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. योन्नानं डबी घेतली, मागचा बारीक मजकूर वाचला. “इथं लिहिलंय. ‘आत डिस्क नाही.’ मुंगीच्या अक्षरांत लिहिलंय, पण लिहिलंय. सत्तर युरो! सत्तर युरोचा कागद!”

“मग डबी कशाला दिली?” हिल्कानं विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता. “कागदच पाकिटात घालून पाठवायचा.”

सोमवारी तिनं कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. मी गाडीत पुस्तकं भरत होतो, दार उघडं होतं आणि तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पन्नास मिनिटं संगीत वाजल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

“आपला खेळाडू क्रमांक सांगता का?”

“मला क्रमांक नाही. मी वाचनालयातून बोलतेय. मला एक डबी आलीय, तिच्यात डिस्क नाही.”

“खातं कुणाच्या नावावर आहे?”

“खातं नाहीये. डबी आहे.”

“मग आपण खातं उघडू. नाव?”

“कोस्किलाहती नगर वाचनालय.”

“आडनाव?”

“वाचनालय.”

“जन्मतारीख?”

हिल्कानं भिंतीवरच्या वाचनालयाच्या स्थापनेच्या पाटीकडे मान वळवली. “तीन सप्टेंबर अठराशे सत्त्याण्णव.”

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. “माफ करा, एकोणीसशेच्या आधीचं साल आमची सिस्टिम घेत नाही.”

“पण इमारत अजून उभी आहे.”

“हो... थांबा हं, मी वरिष्ठांना विचारते.”

पुन्हा वीस मिनिटं संगीत. शेवटी उत्तर मिळालं ते सरळ होतं. कोड एका माणसासाठी आहे, तो कुणाला वापरायला देता येणार नाही, परत घेता येणार नाही, आणि सेवेबद्दल एक ते पाच यांत गुण देणार का? हिल्कानं त्या मुलीला पाच दिले. “तिचा काय दोष,” मला म्हणाली.

खरी अडचण दुसरीकडे होती. आमच्या वाचनालयाची प्रमुख औती लाक्सो. बाई वाईट नाही, पण तिला दरवर्षी नगरपालिकेसमोर आकडे घेऊन उभं राहावं लागतं. तिनं हिल्काला खोलीत बोलावलं.

“हिल्का, या वर्षी मागवलेल्या अकरा गेमपैकी चारांत कागदच निघाले ना?”

“चार. हा पाचवा.”

“पुढच्या वर्षी सगळेच तसे असतील. जे देता येत नाही त्याला कपाट कशाला? ती जागा आपण प्रिंटरना देऊ. तू पुन्हा इतिहासाच्या खोलीत जा. तीन वर्षं राहिलीत तुझी, आरामात जातील.”

हिल्का बाहेर आली, कपाटासमोर उभी राहिली. पंधरा वर्षांत तिनं तिथं साडेनऊशे चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मला वाटलं, रडेल. पण ती टेबलाशी गेली, चष्मा लावला आणि डबीची नोंद करायला बसली.

“काय करतेस?” मी विचारलं.

“तेवीस लोकांनी नाव लावलंय. वाचनालयात जे आलंय ते त्यांना मिळालं पाहिजे. आलंय ते हे आहे.” आणि तिनं नोंदीत लिहिलं: ‘हिमवाट. प्रकार: पत्रक. पानं: एक. सोबत प्लास्टिकचं वेष्टन.’

चंदेरी पट्टीवर तिनं चिकटपट्टी लावली. ‘खरवडू नये, ही सार्वजनिक मालमत्ता आहे.’ डबीबरोबर एक वही ठेवली, दोरीला पेन्सिल बांधून. वहीवर लिहिलं: ‘आपलं मत.’ आणि यादीतल्या पहिल्या माणसाला निरोप गेला, की तुमचा नंबर आलाय.

पुढच्या मंगळवारी हाउकिनिएमीच्या वळणावर एस्को उभा होता. मी दार उघडलं.

“आत काही नाहीये, एस्को. आधीच सांगतो.”

“कळलं मला.”

“नुसती डबी आहे.”

“पण नंबर माझा आहे ना?”

“तुझाच.”

“मग दे.”

आमच्या सावो भागात माणूस एवढंच बोलतो, बाकीचं तुम्ही समजून घ्यायचं. दोन आठवड्यांनी त्यानं डबी परत आणली. वहीत पहिली नोंद त्याची: ‘बिजागर चांगलं आहे. तीन वेळा उघडली. तिन्ही वेळा तेच.’

मग डबी फिरू लागली. गावातल्यांना सहा दिवसांची मुदत, खेड्यांना दोन आठवडे. आम्हाला वाटलं होतं, दोघं-तिघं गंमत म्हणून नेतील आणि बाकीचे नाव काढून घेतील. झालं उलटं. यादी तेवीसवरून चाळीसवर गेली. वहीत लोक नुसतं चिडून लिहीत नव्हते, विचार करून लिहीत होते. शाळेतल्या सुतारकामाच्या शिक्षकांनी लिहिलं: ‘मी वस्तू विकत घेतलेली नाही, परवानगी घेतली आहे. खुर्ची विकत घेतली तर दुकानदार दहा वर्षांनी येऊन ती ओढून नेत नाही.’ एका आईनं लिहिलं: ‘मला दोन मुली. पुस्तक एक घेतलं तरी दोघी वाचतात. इथं बहिणींनाही वेगळी तिकिटं?’ कुणा आजींनी लिहिलं: ‘मी हिवाळ्यातल्या सूपचं पुस्तक समजून नाव लावलं होतं. तरी वाचून राग आला.’ ताइस्तोनं चार पानं घेतली, आकृत्यांसकट, डिंकानं चिकटवलेल्या बॅटरीवर.

आणि एक नोंद विनासहीची होती: ‘डिस्क म्हणजे कचरा. जग पुढे गेलंय, रडणं थांबवा. सोफ्यावरून उठावं लागू नये म्हणून मी दहा युरो जास्त देईन.’

योन्ना ते पान फाडायला निघाली. हिल्कानं वही ओढून घेतली. “मत मागितलंय, मत दिलंय.”

“पण मूर्खासारखं दिलंय!”

“तसं कुठं लिहिलंय, की शहाण्यांनीच लिहा?”

पान राहिलं. ताइस्तोनं फक्त त्याखाली दोन शब्द लिहिले: ‘उठत जा.’

डिसेंबरात मात्र हिल्का जरा खचली. दुपारी तीनलाच अंधारून आलं होतं, मी गॅरेजमध्ये गाडीच्या चाकांवरचा बर्फ झाडत होतो. ती कोट न घालताच आली.

“पेर्टू, खरं सांग. मी हसं करून घेतेय का?”

“कुणी काही म्हणालं?”

“औती म्हणाली, प्रिंटर फेब्रुवारीत येतील. मला वाटलं होतं, लोक डबी नेतायत म्हणजे काहीतरी होईल. काय होणार होतं? एक म्हातारी रिकामी डबी वाटत बसलीय.” मग म्हणाली, “इतिहासाच्या खोलीत एक जुनं मशीन आहे, माहितीय? कॅसेटवर चालणारं. गिरणीच्या इंजिनियरनं दिलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं. गेल्या महिन्यात लावून बघितलं. दहा मिनिटं कुरकुरलं आणि चालू झालं. एक हिरवा बेडूक उड्या मारत होता. आता या कागदाचं चाळीस वर्षांनी काय होईल? कंपनीनं तिकडं बटण बंद केलं की संपलं. मी इतिहासाच्या खोलीत काय ठेवायचं? डबी?”

मी म्हणालो, “एस्कोनं पुन्हा नाव लावलंय यादीत.”

“रिकाम्या डबीसाठी? पुन्हा?”

“म्हणतो, वहीत पुढे काय लिहिलंय ते वाचायचंय.”

तेव्हा ती हसली. कोट घालायला आत गेली.

जानेवारीत जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची बातमी आली, फोटोत हिल्का डबी उघडून उभी. मग बाकीच्या गावांतल्या वाचनालयांतून फोन येऊ लागले, की आमच्याकडेही अशा डब्या पडून आहेत, नोंद कशी केली ते सांगा. बातमीचा गवगवा बघून औतीनं प्रिंटर उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलले. आणि मार्चच्या सुरुवातीला हेलसिंकीहून गेमचा पुरवठा करणाऱ्या कंपनीचा माणूस आला.

त्याचं नाव स्टेफान एकहोल्म. चाळिशीचा, गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून. स्टेशनपासून वाचनालयापर्यंत बर्फावरून येताना दोनदा आपटला होता; कोटावर खुणा होत्या. हातात भेट म्हणून नवंकोरं मशीन, कागदात गुंडाळलेलं. गुरुवार होता, आम्ही सगळे होतो.

“आपल्या वाचनालयाला आमच्याकडून,” तो म्हणाला.

हिल्कानं कागद सोडवला, मशीन चारी बाजूंनी फिरवून बघितलं. “देखणं आहे. यात डिस्क कुठून घालायची?”

स्टेफानचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ते... वेगळं मिळतं.”

योन्नाला कॉफीचा ठसका लागला. ताइस्तो तिच्या पाठीत थोपटत राहिला, पण त्याचेही खांदे हलत होते.

“आधी वही वाच,” हिल्का म्हणाली. आमच्याकडे अनोळखी माणसाला अरे-तुरे करायला कॉफीचा एक कप पुरतो. “मग बोलू.”

त्यानं वाचली. मला वाटलं होतं, चाळेल आणि ठेवून देईल. पण त्यानं कोट काढला आणि तीन तास बसून एकूण एक पान वाचलं. मध्येच स्वतःशी हसला, तेव्हा योन्ना डोकावून म्हणाली, “‘उठत जा’ आलं वाटतं.”

वही मिटून तो म्हणाला, “मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. किंमत माझ्या हातात नाही. बॅटरी चिकटवायची की नाही हेही मला कुणी विचारत नाही. डिस्कचं म्हणाल तर छापायला खर्च आहे, वाहतूक आहे, आणि आपला बाजार लहान. त्यामुळे आपल्याकडे कागद.”

“म्हणजे मोठ्या बाजारात डिस्क छापलीय?” हिल्कानं विचारलं.

स्टेफाननं वही टेबलावर सरळ केली. “जर्मनीत छापलीय.”

“तिच्यात फिनिश भाषा आहे?”

“डिस्क सगळीकडे एकच असते. आहे.”

“मग ती समुद्र ओलांडून इकडे का येत नाही?”

“आपल्या मागणीच्या यादीत नाहीये.”

“ती यादी कोण करतं?”

स्टेफाननं कपात बघितलं. कप रिकामा होता. मग त्यानं मान वर केली.

“मी करतो,” तो म्हणाला.

हिल्कानं त्याला टोमणा मारला नाही, आवाजही चढवला नाही. तिनं त्याचा कप भरला, पावाची बशी सरकवली आणि म्हणाली, “याद्या मीही आयुष्यभर करत आलेय. पाठीमागे माणसं आहेत हे विसरायला होतं कधीकधी. यातला पहिला जंगलात यंत्र चालवतो, त्याच्याकडे इंटरनेट नाही. दुसरे शाळेत शिकवतात. तिसरी...” आणि तिनं वही न उघडता चाळीसच्या चाळीस जणांबद्दल एकेक वाक्य सांगितलं. स्टेफान ऐकत राहिला. त्याची गाडी चुकली. पुढच्या गाडीनं गेला, जाताना मशीन परत घेऊन गेला, आणि बर्फावर पुन्हा घसरू नये म्हणून त्याच्या बुटांना ताइस्तोनं आपले जुने काटेरी पट्टे बांधून दिले.

दोन महिने काही कळलं नाही. योन्ना म्हणायची, “विसरला तो.” हिल्का म्हणायची, “असेलही, नसेलही.” मेच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. तीन डब्या, जर्मन अक्षरांच्या, तिन्हींत डिस्क. बरोबर एक छापील पत्र: ‘हिमवाट’ची डिस्क आवृत्ती देशातल्या सगळ्या वाचनालयांना मागवता येईल. खाली पेनानं लिहिलं होतं: ‘एवढ्या एकाच गेमचं जमलं. बाकीच्यांसाठी भांडतोय. पट्टे पुढच्या वेळी परत करतो. स्टेफान.’

त्याच महिन्यात कंपनीनं मशीनची किंमत आणखी पन्नास युरोंनी वाढवली, हेही सांगायला हवं.

औतीनं वर्षाचे आकडे काढले. एकपानी पत्रकासाठी चाळीस माणसांनी रांग लावली, असं वाचनालयाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. नगरपालिकेच्या सभेत कुणीतरी विचारलं, हे पत्रक कशाबद्दल आहे? औतीनं वहीतली दोन पानं वाचून दाखवली, त्यांत सुपाच्या आजींचंही होतं. सभा हसली, आणि कपाट राहिलं. प्रिंटर जिन्याखाली गेले.

पहिली डिस्क एस्कोला द्यायची होती. त्या मंगळवारी हिल्का माझ्याबरोबर गाडीत बसून हाउकिनिएमीपर्यंत आली. तळ्यावरचा बर्फ फुटला होता, रस्त्यात चिखल होता. वळणावर एस्को उभा. हिल्का स्वतः खाली उतरली, त्याच्या हातात डबी दिली.

एस्कोनं उघडली. डिस्ककडे बघितलं. बोटानं कडेला हलकेच स्पर्श केला, मग डबी मिटून जाकिटाच्या आत घातली.

“वाईट नाही,” तो म्हणाला.

आमच्याकडे याहून मोठी दाद नाही. परत येताना हिल्का अर्ध्या रस्त्यापर्यंत बाहेरचा चिखल बघत राहिली. मग म्हणाली, “पेर्टू, खिडकी जरा उघड. गरम होतंय.” बाहेर तापमान सहा अंश होतं.

हिल्का गेल्या वर्षी निवृत्त झाली. डब्या अजून रिकाम्या येतात, दहातल्या सहा. त्यांची नोंद ‘पत्रक’ म्हणूनच होते. आता बाकीच्या गावांतही. गुरुवारी ती येते, रेइयोलाही आणते. रेइयो खेळत नाही, पण कोण कुठं चुकलं ते सांगतो.

या शरदात नवं मशीन निघालं, आधीच्यापेक्षा महाग, आधीच्यापेक्षा मोठं. योन्नानं महिनाभर त्याचा उद्धार केला. आतल्या पंख्याचा, किमतीचा, कंपनीच्या मालकाच्या दातांचा. मग एका गुरुवारी ती दारात आली ती पाठमोरी, कारण दोन्ही हातांत खोकं होतं.

“घेतलंस?” हिल्कानं विचारलं.

“बघायला गेले होते फक्त.”

“आणि डिस्कची फट?”

“वेगळी आहे.”

“तीही घेतलीस?”

योन्नानं खोकं टेबलावर ठेवलं. “सवलत होती,” ती म्हणाली. “म्हणजे, असं दुकानदार म्हणाला.”

रेइयोनं कप उचलून जागा केली, मी वायर शोधली, ताइस्तो आधी मागची बाजू बघू द्या म्हणत होता. मशीन चालू केल्याबरोबर त्यानं अपडेट मागितलं, चाळीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात आम्ही किंमत, पंख्याचा आवाज आणि खोक्याचा रंग या तिन्हींवर कडाडून भांडून घेतलं.